धरणातून पाणी कधी, किती आणि कसे सोडायचे: पंचगंगा खोऱ्यातल्या उदाहरणांसह सविस्तर मार्गदर्शक

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात दोन आकडे घरोघरी विचारले जातात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, आणि राधानगरी धरणाची किती दारे उघडली आहेत. या दोन आकड्यांच्या मधे बरेच गणित असते, आणि ते गणित धरणावरच्या शाखा अभियंत्याइतकेच नदीकाठच्या ग्रामपंचायतीला, पाणीपुरवठा संस्थेला आणि मोटारी नदीत असलेल्या शेतकऱ्यालाही यायला हवे. विसर्ग वाढल्याची बातमी आल्यावर नेमके काय होणार, किती वेळात होणार, हे ज्याला काढता येते त्याची धावपळ निम्मी होते.

हा लेख त्या गणिताचा आणि त्यामागच्या कामाचा आहे. सगळ्या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: धरणातली मोकळी जागा पाऊस पडायच्या आधी तयार करावी लागते. पाऊस सुरू झाल्यावर ती तयार होत नाही.

आधी नकाशा डोक्यात हवा

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा वाहते (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते) आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवर राधानगरी (८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), तुळशीवर तुळशी धरण (३.४७), कासारीवर गेळवडे (२.७७) आणि कुंभीवर कुंभी धरण (२.७१). दक्षिणेला दूधगंगेवर काळम्मावाडी (२५.३९) आणि वेदगंगेवर पाटगाव (३.७१). उत्तरेला वारणेवर चांदोली (३४.४०). कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी; तिथून नदीत सोडलेले पाणी कराडला कृष्णेत येते, सांगलीवरून शिरोळ तालुक्यात उतरते. राजापूर बंधाऱ्यापुढे कर्नाटक सुरू होते आणि पुढे हिप्परगी, मग अलमट्टी.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. पंचगंगेवरच्या चार धरणांची मिळून क्षमता जेमतेम १७ टीएमसी. धरणांच्या खाली शहरापर्यंत पसरलेला जो मुलूख आहे, त्यावर पडणारे पाणी कोणत्याही दरवाजातून जात नाही, ते थेट नदीत येते. याला मुक्त पाणलोट म्हणतात. जुलै २०२१ च्या पुरात या मुक्त पाणलोटाचा वाटा मोठा होता. त्यामुळे ‘धरणाने पूर आणला’ आणि ‘धरणाचा काही संबंध नाही’ ही दोन्ही वाक्ये तपासल्याशिवाय बोलू नयेत. कोणत्या तासाला धरणातून किती आले आणि खालून किती मिळाले, हे मांडून पाहता येते.

पायरी १: एकके पक्की करा

गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज, म्हणजे १०० कोटी घनफूट, २८.३२ दशलक्ष घनमीटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. सगळ्यात उपयोगी आकडा मात्र हा: ११,५७४ क्युसेकचा प्रवाह सलग २४ तास चालला की एक टीएमसी होतो. हा पाठ असला की बाकी हिशेब तोंडी होतात. १,५०० क्युसेक दिवसभर सोडले तर किती पाणी गेले? ०.१३ टीएमसी.

पातळीच्या बाबतीत तीन सापळे आहेत. पहिला, फूट-इंच आणि दशांश फूट यांची गल्लत. राधानगरीची पूर्ण संचय पातळी ३४७.५० फूट आहे, म्हणजे ३४७ फूट ६ इंच. ३४७ फूट ५० असे काही नसते. बंधाऱ्यावर ‘४३.३’ असे कोणी लिहिले तर ते ४३ फूट ३ इंच की ४३.३ फूट हे विचारूनच घ्यावे. दुसरा सापळा, राधानगरीचे फूट हे त्या धरणाच्या स्थानिक शून्यापासून मोजलेले आहेत, तर काळम्मावाडीची ६४६ मीटर किंवा अलमट्टीची ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. तिसरा, टक्केवारी एकूण साठ्याची आहे की उपयुक्त साठ्याची. मृतसाठा (तळाचा, नेहमीच्या दारांतून बाहेर न येणारा साठा) धरला किंवा वगळला तर त्याच धरणाचे दोन वेगळे टक्के निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

पायरी २: मे महिन्यातली कामे

पावसाळ्याची तयारी ३१ मेपर्यंत संपलेली असावी.

प्रत्येक वक्राकार दरवाजा प्रत्यक्ष उचलून पाहायचा. नुसते मोटार फिरवून ‘चालू आहे’ लिहिणे म्हणजे तपासणी नव्हे. वायर रोपला ग्रीस, तुटलेल्या तारा, दोन्ही बाजूंच्या रोपचा ताण सारखा आहे का (नसेल तर दरवाजा तिरका चढतो आणि बाजूला अडकतो), रबर सील फाटले आहे का, लिमिट स्विच योग्य जागी मोटार थांबवतो का, एवढे पाहायचे. मग वीज मुद्दाम बंद करून डिझेल जनरेटरवर एक दरवाजा उचलायचा, आणि शेवटी हाताने फिरवायच्या हँडलवरही. अतिवृष्टीच्या रात्री घाटमाथ्यावरची वीज जाणारच, असे धरूनच तयारी करावी. डिझेल किती तास पुरेल ते टाकीवर लिहून ठेवावे.

स्टॉपलॉग (खाचेत उतरवायचे, पाणी अडवणारे अडसर) आणि ते उतरवणारी गँट्री क्रेन यांच्याकडे फार दुर्लक्ष होते. सेवा दरवाजा उघड्या अवस्थेत अडकला तर त्याच्या वरच्या बाजूने पाणी अडवण्याचा तो एकमेव मार्ग असतो. खाचेत गाळ, लाकूड, गंज असेल तर ऐनवेळी स्टॉपलॉग बसत नाही आणि धरण नको असताना रिकामे होत राहते.

पातळीची पट्टी रंगवून घ्यायची, तिचा शून्य लेव्हल मशीनने पडताळायचा. पर्जन्यमापकाची बादली, गाळणी, काचेचे माप स्वच्छ करायचे. झाडाची फांदी वर आली असेल तर छाटायची. भोंगा वाजवून पाहायचा, आणि तो कोणत्या गावापर्यंत ऐकू येतो ते त्या गावात उभे राहून तपासायचे.

आता बंधारे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पहिल्या मोठ्या पाण्याआधी काढून, क्रमांक टाकून, पूररेषेच्या वर रचून ठेवावे लागतात. ते वेळेत निघाले नाहीत तर जलपर्णी, झाडांची खोडे, ऊसाचा पाला बरग्यांवर येऊन अडतो, बंधारा भिंतीसारखा उभा राहतो आणि पाणी काठाच्या मातीतून बगलेने वाट काढते. एकदा बगल फुटली की पुढच्या उन्हाळ्यात त्या बंधाऱ्यात पाणी थांबत नाही. ‘आणखी आठ दिवस पाणी राहू द्या’ ही जूनमधली मागणी समजण्यासारखी असते, पण ती मान्य करताना धोका कशाचा घेतोय हे गावाला सांगावे.

पायरी ३: येवा मोजणे

धरणात किती पाणी येते आहे हे थेट मोजण्याचे साधन बहुतेक ठिकाणी नसते. ते पातळीवरून काढतात.

येवा = साठ्यात झालेली वाढ ÷ वेळ + त्या वेळात चालू असलेला विसर्ग.

समजा सहा तासांत साठा ६.८० वरून ७.०० टीएमसी झाला. वाढ ०.२० टीएमसी, म्हणजे २० कोटी घनफूट. सहा तासांचे सेकंद २१,६००. भागाकार ९,२५९ क्युसेक. वीजगृहातून १,४०० क्युसेक चालू होते, म्हणून येवा सुमारे १०,६६० क्युसेक. पावसाळ्यात बाष्पीभवन सोडून द्यायला हरकत नाही.

इथे नवशिके हमखास फसतात ते दर तासाच्या येव्यावर. जलाशयाचा पसारा २० चौरस किलोमीटर असेल तर पट्टीवर फक्त एक सेंटिमीटर चुकीचे वाचन म्हणजे दोन लाख घनमीटर. एका तासाच्या हिशेबात तो फरक १,९६० क्युसेक होतो! वाऱ्याने पाणी धरणाच्या बाजूला ढकलले किंवा लाट उठली की येवा एकदम वाढल्यासारखा दिसतो आणि पुढच्या तासाला उणेसुद्धा निघतो. तेच वाचन सहा तासांवर पसरले तर चूक ३३० क्युसेकच्या आत येते. म्हणून वाचन दर तासाला घ्यावे, पण निर्णय तीन किंवा सहा तासांच्या सरासरीवर घ्यावा. लाटेत पट्टी वाचताना वरचे आणि खालचे टोक पाहून मधला आकडा लिहावा.

पातळी-साठा तक्त्याबद्दल एवढेच: धरण वर जाईल तसा पसारा वाढतो. २० चौरस किलोमीटर पसाऱ्याला एक फूट म्हणजे ०.२१५ टीएमसी, तळाकडे पसारा ८ चौरस किलोमीटर असेल तर तोच फूट ०.०८६ टीएमसीचा. ‘काल दोन फूट वाढले, आज एकच फूट वाढले, म्हणजे पाऊस ओसरला’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकतो. फुटांत विचार करू नये, टीएमसीत करावा.

पायरी ४: पावसावरून पुढचा येवा

१०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी १० दशलक्ष घनमीटर, म्हणजे ०.३५ टीएमसी. त्यातले किती धरणात येईल हे जमिनीवर अवलंबून. मृगात तापलेली, भेगाळलेली जमीन बरेच पाणी पिते आणि येवा फारसा दिसत नाही. आर्द्रा, तरणा पाऊस होऊन जमीन तुडुंब झाली की सह्याद्रीच्या उतारावर ७० ते ८० टक्के पाणी वाहून येते. म्हणजे जूनमधला दीडशे मिलिमीटर आणि म्हाताऱ्या पावसातला दीडशे मिलिमीटर यांना एकच मानणे ही मोठी चूक.

मापक कुठे आहे तेही पाहा. धरणाच्या भिंतीवर ६० मिलिमीटर पडलेला असताना दहा-पंधरा किलोमीटरवर घाटमाथ्याला २०० पडलेला असतो. गगनबावड्याकडचा पाऊस आणि कोल्हापूर शहरातला पाऊस यांत किती अंतर असते हे इथल्या कोणालाही सांगायला नको. भिंतीवरच्या एका मापकावरून हिशेब केला तर येवा कमी धरला जातो.

पायरी ५: परिचालन सूची वाचणे

प्रत्येक मोठ्या धरणाला जलाशय परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला पातळी कुठपर्यंत येऊ द्यायची. जून-जुलैत मुद्दाम जागा मोकळी, ऑगस्टमध्ये हळूहळू भरत नेणे, आणि परतीच्या पावसाच्या भरवशावर न राहता सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर्ण. पातळी त्या रेषेच्या वर गेली की विसर्ग सुरू करायचा, खाली असली की साठवायचे.

सूची म्हणजे मागच्या अनेक वर्षांच्या येव्याची सरासरी शहाणपणाने मांडलेली असते. चालू वर्ष सरासरीप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून रेषा पाहताना तीन प्रश्न विचारावेत. पुढच्या तीन-चार दिवसांचा हवामान खात्याचा अंदाज काय? खालची नदी आत्ता किती पाणी घेऊ शकते? आणि चूक झाली तर ती भरून निघेल का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उदाहरण घेऊ. धरणाची क्षमता १० टीएमसी, साठा ८.८, म्हणजे मोकळी जागा १.२. पाणलोट २०० चौरस किलोमीटर. तीन दिवसांत ४५० मिलिमीटर पावसाचा अंदाज आहे आणि जमीन भिजलेली आहे, म्हणून ८० टक्के धरले. येणारे पाणी २.५४ टीएमसी. म्हणजे १.३४ टीएमसी सोडावेच लागणार, प्रश्न फक्त कधी हा.

पाऊस सुरू व्हायच्या एक दिवस आधी सुरुवात केली तर चार दिवस मिळतात आणि सरासरी ३,८८० क्युसेक पुरतात. पावसाबरोबर सुरुवात केली तर ५,१७०. एक दिवस थांबून केली तर ७,७५५. धरण भरेपर्यंत थांबलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी ते भरेल आणि त्यानंतर येवा तेवढा विसर्ग करावा लागेल: सरासरी ९,८००, आणि रात्री सर चढली तर त्याच्या दुप्पटही. शिवाय तो विसर्ग नेमका तेव्हा निघेल जेव्हा मुक्त पाणलोटाचे पाणीही नदीत ओतत असेल.

आता अंदाज फसला तर काय? पाऊस निम्माच पडला, १.२७ टीएमसी आले, तर शेवटी साठा ८.७३ राहील. सुरुवातीच्या साठ्यापेक्षा ०.०७ कमी. आणि पाऊस आलाच नाही असे पहिल्याच दिवशी दिसले तर विसर्ग थांबवायचा. तोवर गेलेले पाणी ०.३४ टीएमसी. जुलैत किंवा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हे पाणी एका चांगल्या सरीत परत मिळते. पूर्वा-उत्तरा नक्षत्रात मिळेलच असे नाही, आणि तिथे हात आखडता घेणे योग्य. आश्लेषेपर्यंत जागा राखण्याकडे कल असावा, मघा संपता संपता साठवण्याकडे. दोन मोठे पूर आठवा: २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, २०२१ चा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. राजाराम बंधाऱ्यावर पहिल्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, दुसऱ्यात ५६ फुटांच्या वर. धोक्याची पातळी ४३ फूट आहे.

राधानगरीचे वेगळेपण

शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाची सात स्वयंचलित दारे पाण्याच्या दाबावर चालतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पातळी ३४७.५० फुटांवर गेली की दार आपोआप उघडते, उतरली की मिटते. एका दारातून १,४२८ क्युसेक. वीजगृहाचे सुमारे १,५०० मिळवा. दोन दारे उघडी असतील तर ४,३५६, सातही उघडली तर साधारण ११,५०० क्युसेक. बातमीत दारांची संख्या ऐकली की विसर्ग तुम्ही स्वतः काढू शकता.

अशी व्यवस्था धरणाच्या सुरक्षिततेला फार चांगली: मध्यरात्री सगळी यंत्रणा बंद पडली तरी पाणी भिंतीवरून जात नाही. पण पूर सांभाळायच्या दृष्टीने तिला मर्यादा आहे. दार ‘सहा तास थांब, खाली पंचगंगा चढलेली आहे’ हे ऐकत नाही. आणि धरण भरण्याआधी या दारांतून पाणी सोडता येत नाही. नुसत्या वीजगृहाच्या १,५०० क्युसेकने अर्धा टीएमसी जागा करायची तर येवा शून्य असतानाही जवळजवळ चार दिवस लागतात; पावसात येवा याच्या कितीतरी पट असतो, म्हणजे जागा होतच नाही. म्हणून राधानगरीत जागा राखायची तर निर्णय जुलैच्या सुरुवातीला पाऊस उघडतो तेव्हा व्हावा लागतो. ज्या लहान धरणांना नुसता मुक्त सांडवा (भरल्यावर पाणी आपोआप वाहून जायची, दरवाजे नसलेली वाट) आहे, त्यांनाही हेच लागू.

पायरी ६: दरवाजा प्रत्यक्ष उघडताना

वक्राकार दरवाज्याखालून जाणारे पाणी असे काढतात: रुंदी × उघडीप (दरवाजा किती उचलला) × गुणांक × √(२ × ९.८१ × उघडिपीच्या मध्यापासून पाण्याची उंची). रुंदी १२ मीटर, उघडीप अर्धा मीटर, उंची ६ मीटर, गुणांक ०.६५ धरला तर ४२.३ क्युमेक, म्हणजे जवळपास १,५०० क्युसेक. प्रत्येक धरणावर याचा छापील तक्ता असतो, तोच वापरावा. पण पातळी वाढत असेल तर तीच उघडीप जास्त पाणी सोडते, हे विसरून ‘सकाळचाच विसर्ग कायम’ असे कळवले जाते. दर तीन तासांनी तक्त्यातून विसर्ग पुन्हा काढा.

उघडायचा क्रम: मधले दरवाजे आधी, मग दोन्ही बाजूंना जोडीने, सगळ्यांची उघडीप सारखी. एका कडेचाच दरवाजा जास्त उघडला तर खालच्या कुंडात पाणी गोल फिरते, दगडगोटे आत ओढून काँक्रीट खरवडते आणि समोरचा काठ कापते. फार अरुंद फट ठेवूनही चालत नाही. दरवाजा थरथरतो, सील फाटते, रोपचा ताण सैल होतो. थरथर जाणवली तर उघडीप थोडी वाढवावी किंवा तो दरवाजा पूर्ण बंद करून दुसरा वापरावा.

विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवायचा. आधी वीजगृह, मग सांडव्यातून थोडे, तासा-दोन तासांनी पुढचा टप्पा. पहिला टप्पा मुद्दाम लहान ठेवण्याचे कारण हायड्रॉलिक नाही, माणसांचे आहे: नदीपात्रातला माणूस, जनावर, मासेमारीची नाव आणि मोटार बाहेर निघायला वेळ मिळावा.

पायरी ७: पाणी खाली पोहोचायला किती वेळ

५० किलोमीटर अंतर आणि सेकंदाला १.२ मीटर वेग धरला तर साडेअकरा तास. हा अंदाज झाला. खरा आकडा तुमच्या नदीवरच्या नोंदींतून काढा. धरणातून विसर्ग ज्या तासाला वाढला तो, आणि खालच्या बंधाऱ्यावर पाणी ज्या तासाला चढायला लागले तो, असे दोन आकडे दर वेळी लिहून ठेवले की दोन-तीन पावसाळ्यांत टप्पावार कोष्टक तयार होते. पाणी पात्राबाहेर पडून ऊसात, शेतात पसरले की हा वेळ वाढतो, हे त्यात वेगळे नोंदवा.

या वेळेमुळेच एक कठीण निर्णय येतो. मुक्त पाणलोटाचा लोंढा शहराजवळून जात असताना धरणातला विसर्ग कमी असावा, हे सर्वांनाच पटते. पण राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळीचे ३९ फूट दिसल्यावर विसर्ग घटवला तर त्याचा फायदा अकरा-बारा तासांनी मिळणार. म्हणजे विसर्ग घटवायचा तो खालच्या पातळीकडे पाहून नाही, खालच्या पावसाकडे पाहून. आणि घटवायला वर जागा शिल्लक हवी. पुन्हा तीच मोकळी जागा.

पायरी ८: खालून येणारा फुगवटा

शिरोळ तालुक्यातले लोक हे जाणतात: पंचगंगेचा विसर्ग कमी झाला तरी पाणी उतरत नाही. कारण नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली असते आणि पंचगंगेचे पाणी पुढे सरकायला उतारच उरत नाही. म्हणून पातळीवरून विसर्ग काढायचा नेहमीचा तक्ता फुगवट्यात खोटा ठरतो. तेच ४३ फूट, कृष्णा खाली असताना वेगळा विसर्ग दाखवतात आणि कृष्णा तुंबलेली असताना वेगळा. पूर ओसरताना पाणी इंचाइंचाने उतरते त्याचे कारणही हेच.

म्हणून पंचगंगेवरच्या धरणांचा निर्णय कोयना आणि चांदोलीकडे न पाहता होऊ शकत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक चालू आहेत की सहा वक्री दरवाजे उचलले आहेत, सांगलीला आयर्विन पुलाजवळ किती फूट, राजापूर बंधाऱ्यावर किती, हे सगळे आकडे एकाच कागदावर, एकाच वेळचे हवेत. अलमट्टीचा आकडा वाचताना नुसती पातळी पाहू नका. आवक आणि जावक शेजारी मांडा. आवक जास्त, जावक कमी असेल तर पातळी चढणार. आणि ती किती वेगाने चढेल ते वरच्या टीएमसीच्या सूत्राने निघते. दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी पावसाळ्यात रोज आकड्यांची देवाणघेवाण करणे ही गरज आहे. वाद नंतर बसून घालता येतो.

पायरी ९: सूचना देणे

चांगल्या सूचनेत पाच गोष्टी असतात: आत्ता विसर्ग किती, तो किती होणार, कधीपासून, तुमच्या गावाला किती वाजता जाणवेल, आणि पाणी अंदाजे किती चढेल. ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ एवढेच लिहिले तर कोणी काही करत नाही.

अंधार पडल्यावर कोरड्यासारख्या नदीत मोठा विसर्ग सुरू करणे शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल तर भोंगा, दवंडी, ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक आणि फोन, चारही. व्हॉट्सअॅपवरचा संदेश पोहोचला असे धरू नये. समोरून ‘मिळाले’ असे उत्तर आलेली गावे यादीत खूण करावी. मोटारी काढायला किमान अर्धा दिवस लागतो, कारण क्रेन किंवा ट्रॅक्टर गावात एक-दोनच असतात. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून जनावरे हलवायला त्याहून जास्त.

पायरी १०: पाऊस थांबल्यावर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण सगळे थकलेले असतात. ऊन पडले की दरवाजे एकदम मिटवू नयेत. नदी झटकन उतरली तर भिजलेले काठ ढासळतात, मोटारींचे चौथरे जातात. विसर्ग टप्प्याने कमी करा, आणि खालची नदी इशारा पातळीखाली गेली असेल तर पावसाच्या उघडिपीचा उपयोग करून परिचालन सूचीच्या रेषेपर्यंत पुन्हा खाली या. पुढचा कमी दाबाचा पट्टा आठवड्याभरात येऊ शकतो. मातीच्या धरणात मात्र पातळी फार झपाट्याने खाली आणू नये. आतल्या उतारात अडकलेले पाणी बाहेर पडायच्या आत आधार जातो आणि उतार घसरतो.

पातळी वरची असताना पाझराचे मोजमाप रोज घ्या. पाझर वाढला पण पाणी स्वच्छ आहे, तर नोंद घेऊन लक्ष ठेवा. पाणी गढूळ येऊ लागले तर तासभरही थांबू नका, वरिष्ठांना कळवा: धरणातली माती बाहेर येते आहे.

पायरी ११: उन्हाळ्याचा हिशेब

ऑक्टोबरनंतर बरगे घातले की काम बदलते. आता प्रश्न थेंब पुरवण्याचा. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ ही पंचगंगेवरची साखळी भरत न्यायची.

विसर्ग तीन भागांतून निघतो. बंधाऱ्यांतली तूट समजा ०.१० टीएमसी, ती पाच दिवसांत भरायची: २३१ क्युसेक. वाटेतला उपसा: दहा अश्वशक्तीचा पंप २० मीटर उंचीवर साधारण ०.८ क्युसेक उचलतो, असे २०० पंप एकदम चालले तर १६० क्युसेक. दोन्ही मिळून ३९१, त्यावर पाझर-बाष्पीभवनाचे २० टक्के, म्हणजे सुमारे ४७०. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, त्यामुळे पंप एकाच वेळी सुरू होतात आणि त्या आठ तासांत शेवटच्या बंधाऱ्यावर नदी आटल्यासारखी दिसते. तेवढ्यावरून विसर्ग वाढवू नका, चोवीस तासांची सरासरी पाहा. तरीही शेवटच्या गावाला पाणी मिळत नसेल, तर धरणातून जास्त सोडण्याआधी वरच्या बंधाऱ्यांची गळती आणि पाळी तपासा. उपसाबंदीचे वेळापत्रक वरच्या आणि खालच्या गावांना आलटून-पालटून लावले तरच खालच्या टोकाला पाणी जाते.

जलाशयावरचे बाष्पीभवन आता हिशेबात घ्यावेच लागते: एप्रिल-मेमध्ये २० चौरस किलोमीटर पसाऱ्यावर दिवसाला सहा मिलिमीटर धरले तरी ४९ क्युसेकचा झरा हवेत जातो, महिन्याला ०.१३ टीएमसी. पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा १५ जुलैपर्यंत पुरेल असा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यातून आवर्तने ठरवायची. पाऊस मृगाला येईल असे धरून आखलेले आवर्तन तो लांबला की कोलमडते, आणि तेव्हा मृतसाठ्यातून पाणी उपसायची वेळ येते.

३१ मेच्या रात्री किती साठा उरावा, हा आकडा ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवावा. तो फार जास्त उरला तर जुलैत जागा कमी पडते, आणि फार कमी उरला तर जूनमध्ये नळ कोरडे पडतात.